सीलबंद कूलरचे पंधरा युनिट

दिनांक : १७ जून २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणी मोजणी विभाग, बारामती

विषय : निर्लेखित वॉटर कूलरचा प्लग काढण्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १६ जून २०२५.

महोदय,

१. मी इंदापूर उपविभागात कनिष्ठ लिपिक असून माझा परिविक्षा कालावधी ३० जूनला संपतो. सुट्टीच्या दिवसांत वाया जाणारी वीज वाचवण्याचे काम एप्रिलपासून माझ्याकडे आहे. दर शुक्रवारी सव्वासहाला अकरा संगणक, चार प्रिंटर, दोन स्टॅबिलायझर, टीव्ही आणि चहाची किटली यांचे प्लग मी स्वतः काढते. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ पूर्वी ३१ युनिट जळत; आता १७ जळतात. हे १७ तरी का, असे आपण विचारले आहे. खुलासा न पटल्यास सेवा असमाधानकारक असल्याचा शेरा मिळेल, असेही नोटिशीत आहे.

२. दोन युनिट नदीची पातळी नोंदवणाऱ्या यंत्राचे. ते बंद ठेवता येत नाही. उरलेले पंधरा व्हरांड्यातील जुन्या वॉटर कूलरचे. तो गेल्या ऑगस्टमध्ये निर्लेखित झाला, म्हणजे नोंदवहीतून कमी झाला. लिलावापर्यंत कुणी सुटे भाग काढू नयेत म्हणून निर्लेखन समितीने त्याला सील लावले: एक कागदी पट्टी मागच्या झाकणावर, दुसरी प्लगवरून बटणासकट थेट बोर्डावर. त्या वेळी कूलर चालू होता. अजूनही आहे. मेन स्विच पाडावा, तर नदीचे यंत्र त्याच लाइनवर आहे.

३. भांडारपाल गेणूतात्यांना विचारले. ते म्हणाले, "पोरी, जी वस्तू नोंदवहीतच न्हाय, तिचा प्लग मी कसा काढू? उद्या कुणी इचारलं, कशाचा काढला, तर काय सांगू?" उपअभियंता साहेबांनी लिलावाची वाट पाहण्यास सांगितले, लिलावाची तारीख ठरलेली नाही. शिपाई म्हस्कूमामांचा तर कूलर बंद करण्यालाच विरोध आहे. "कूलर न्हाय म्हणता आन् समदी त्याचंच पाणी पिता. लई गार हाय, म्याडम." पाणी गार असते, हे मान्य. शनिवार-रविवारीही ते तितकेच गार असते. प्यायला कुणी नसते.

४. सील तोडले तर शिस्तभंग, न तोडले तर शेरा. नियमाप्रमाणे सील ज्यांच्या सहीचे, त्यांनीच काढायचे असते. काल भिंग घेऊन पट्टीवरील सही वाचली. समितीचे अध्यक्ष आपणच होता.

तरी येत्या शुक्रवारी सव्वासहापूर्वी आपण येऊन प्लग काढावा, अथवा मला तशी लेखी परवानगी द्यावी. सोमवारी पावणेदहाला मी मीटरचे रीडिंग पाठवीन. वापर तीन युनिटांच्या वर निघाल्यास शेरा खुशाल मारावा. त्याविरुद्ध मी दुसरा अर्ज करणार नाही.

आपली नम्र आणि तूर्त सेवेत असलेली,
प्रतिक्षा बिरू कोकरे
रा. भवानीनगर, ता. इंदापूर

सोबत :
१) मीटर रीडिंगचा तक्ता, एप्रिल ते जून
२) सीलचा फोटो, सही मोठी करून