कंपनीपुढे घातलेलं गाऱ्हाणं

तीर्थरूप शेवंताताईस भांडुपहून धाकट्या गुणाजीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, गाय आणि परसातला फणस, तिघांचीही प्रकृती सुधारली असेल अशी आशा करतो. (फोनवरच विचारलं असतं. पण घरात रेंज नाही, तुझा फोन लागायचा तर तुला गावामागच्या सड्याच्या माथ्यावर चढावं लागतं, आणि गुडघा दुखतो का हे विचारायला तुला सडा चढायला लावणं मला पटत नाही.)

ताई, आपल्या घराण्यात आजवर झाली नाही अशी गोष्ट झाली. तुझा भाऊ मोबाइल कंपनीच्या वार्षिक सभेत बोलला. गिरणी सुटली तेव्हाच्या पैशातून घेतलेले चार शेअर माझ्याकडे आहेत, म्हणजे कायद्याने मी त्या कंपनीचा मालकच. (हे ऐकून तुझी भावजय सुलक्षणा हसते. हसू दे.) यंदा कंपनीला दणकून नफा झालाय, आणि प्रश्न एवढाच होता की तो भागधारकांना वाटून टाकायचा की नवे टॉवर उभारायचे. मी ठरवलं, मला दमडी नको, आमच्या गावात टॉवर हवा. तुझा आवाज रोज कानावर पडावा, एवढाच त्यात माझा स्वार्थ.

सभा हल्ली कॉम्प्युटरवरच भरते. तुझ्या भाच्याने, सिद्धेशने तो लावून दिला. मी लग्नातला कोट चढवला, आणि मालक एकटा कसा बसणार म्हणून चाळीतली सगळी गाववाली मंडळी मागे सतरंजीवर बसवली. बोलायला तीन मिनिटं होती. आता मोठ्याकडे काही मागायचं तर आपली रीत एकच, देवापुढे घालतो तसं गाऱ्हाणं घालायचं. मी हात जोडून "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात केली, मंडळींनी मागून "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि अध्यक्षसाहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. रवळनाथाला हाक मारली, सातेरीला मारली, मग वेशीवरच्याला. कुणाला वगळून चालतं का? शेवटच्या देवापर्यंत पोचलो आणि वेळ संपली. टॉवर तोंडातच राहिला.

खरी वाट त्यानंतर लागली. साहेबांनी माझे आभार मानून पुढच्याला बोलावलं, पण आमचा माइक बंद करायचा राहून गेला. पुढचे गृहस्थ अंधेरीचे, देवदत्त नावाचे. ते म्हणाले, "नफा आधी आम्हाला वाटा, टॉवरचं मागाहून बघू."

"व्हय म्हाराजा," आमची मंडळी म्हणाली. ती अजून भक्तीतच होती.

देवदत्तांनी आणखी बरंच काही मागितलं आणि प्रत्येक मागणीला भांडुपहून खणखणीत होकार गेला. मी थांबा म्हणून हातवारे करत होतो, तर मंडळींना वाटलं जोर कमी पडतोय. शेवटी अध्यक्षांनी भांडुपच्या भागधारकांचा खास उल्लेख करून लाभांश मंजूर झाल्याचं सांगितलं. नवे टॉवर पुढच्या वर्षावर गेले.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी छाती फुगलेलीच आहे. एवढ्या मोठ्या सभेत आपल्या रवळनाथाचं नाव आधी कुणी घेतलं होतं?

तुझा,
गुणाजी (भागधारक)

ता. क. टॉवर आणतोच, असं मी शिमग्याला देवळात सांगून आलो होतो, त्यावर गावाने माझा सत्कार ठरवलाय. तो तेवढा थांबव. त्यासाठी आणलेली शाल मात्र दुकानात परत करू देऊ नको. पुढच्या वर्षी सगळ्या देवांना आदल्या दिवशीच हाका मारून ठेवणार आहे.

ता. क. दुसरा. लाभांश जमा झाला. त्यात सुलक्षणाने थोडी भर घातली आणि तुला सडा चढायला काठी घेतली, ती सोबत पाठवतोय. गावात काठ्या फुकट मिळतात हे मला ठाऊक आहे, पण ही कंपनीची आहे. ती टेकत रविवारी सावकाश वर ये. मी फोनपाशी बसून असेन.