मुर्मानला चीत केलं तो दिवस

२२ सप्टेंबर
गुडघा पुन्हा सुजलाय. डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन कर आणि ज्युदो विसर. ओतिया मास्तरांनी मला लहानपणापासून शिकवलं — तेही आता तेच म्हणतात. तेलावीच्या क्रीडाशाळेत शिकवायला ये, जागा धरून ठेवलीय. विचार करतो म्हटलं. कसला विचार! नोव्हेंबरात तिबिलिसीला निवड चाचणी आहे. मला एकदाच पुन्हा देशाच्या संघात जायचंय, बस.

२९ सप्टेंबर
गावच्या शाळेच्या भिंतीवर माझं चित्र आहे, गळ्यात ऑलिंपिकचं कांस्य. काय दणकट दिसतो तो माणूस! त्याच्यासमोरून लंगडत जायची लाज वाटते. मागच्या गल्लीने जातो.

८ ऑक्टोबर
द्राक्षं उतरली. आज गावजेवण. पेला उचलून बोलायचा मान अंबाको काकांचा. माझ्यावर इतकं बोलले की सळईवर भाजलेलं मांस गार झालं. मग कुस्तीचा ढोल सुरू झाला. ढोल वाजला की पहिलवानाने बसून राहायचं नाही, ही इथली रीत. पदक आणल्यापासून गावात मला कुणी पाडलेलं नाही. पण हा गुडघा! मक्वालाने हात धरला — बायकोच ती, तिला सगळं ठाऊक. बस ना रे, म्हणाली. बसतोय कसला!
समोर काकांचा पुतण्या मुर्मान, रेड्यासारखा गडी.
आणि चीत केला त्याला! सपशेल पाठीवर. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. सगळ्यांदेखत रडलो मी.

९ ऑक्टोबर
मास्तरांना फोन केला. नोकरी नको, ऑपरेशन नको, चाचणीला उतरतोय. ते म्हणाले, शाल्वा, गावातली कुस्ती वेगळी रे. मी फोन ठेवला. म्हातारपणी माणूस भित्रा होतो.

१४ नोव्हेंबर
तिबिलिसी. पहिलीच लढत. पाय वळवला आणि आवाज आला, पंचानेही ऐकला. ज्याने मला पाडलं तो पोरगा वाकून म्हणाला, लहानपणी तुमचा फोटो माझ्या खोलीत होता.
होता.

१९ नोव्हेंबर
इस्पितळ. डॉक्टर आता नीट चालण्यापुरतंच बोलतो. क्रीडाशाळेतल्या जागेवर दुसरा लागला. मक्वाला सूप भरवते. सकाळपासून छताकडे बघतोय. पण एक बरं — मुर्मानला पाडलं होतं. ते तरी कुणी काढून घेणार नाही.

२१ नोव्हेंबर
मुर्मान आला, घरची वाइन घेऊन. अगदी खुशीत. "त्या दिवशी बरा पडलो ना मी? काका म्हणाले होते, शाल्वाचा मान राखायचा." मला माहीतच असणार, असं धरून चालला होता. मी हो म्हटलं.
तो गेल्यावर मक्वालाकडे पाहिलं. बाटलीचं बूच घट्ट करत ती म्हणाली, "अरे, दरवर्षीच राखतात."