सेनियोकाठचा जानू

॥ श्री ॥
तिकोना पेठ, १० मार्च २०२५

चि. रूपास, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र पवनानगरच्या पोस्टात चार दिस पडून व्हतं. तुजा बाप शिदू वडगावाहून आला, तवा त्यानं आनलं. फोन करू नको. कानाला यंत्र लावलं तरी नुस्ती खरखर वाजती, आन तू तिकडं हसतीस का रडतीस ते बी कळत न्हाई. कागद बरा. चारदा वाचता येतो.

मी बरी हाय. गुडघे बरे न्हाईत, पन ते माजं ऐकत्यात कुटं? शिदू म्हनतो वडगावला चल. तितल्या दोन खोल्यांत मी करू काय? हितं निदान भिती तरी वळखीच्या हायेत. धरनाकाठी तंबूत ऱ्हायला पुन्याची पोरं येत्यात, गानी लावत्यात, आयतवारी सांजच्याला जात्यात. मंग लय सुनं वाटतं.

तू तितं म्हातारी मानसं सांभाळतीस म्हनं. त्यास्नी नाती न्हाईत का? माज्या बापाचा फोटू तू संगती नेलास ते बरं केलंस. लढाईत त्यो त्याच मुलखात गेलता. पोटाला खात जा, आन ह्या म्हातारीला अदीमदी दोन वळी लिवायला इसरू नको.

तुजी आजी,
रतनबाई


बोलोन्या, इटली, ६ एप्रिल २०२५

ती. आजीस, रूपाचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ड्युटीवर जाण्याआधी तोंड धुवावं लागलं. असं लिहीत जाऊ नकोस गं.

इथल्या म्हाताऱ्यांना नाती आहेत, पण ती येत नाहीत. आमच्याकडे बेरार्दी म्हणून पंच्याऐंशीचे एक गृहस्थ आहेत. फौजेत आपल्याकडच्या सुभेदाराएवढा हुद्दा होता, म्हणून मी त्यांना सुभेदारच म्हणते. त्यांना तर कोणीच नाही. परवा त्यांना पणजोबांचा फोटो दाखवला. शेजारचा गोरा माणूस इंग्रज साहेब, असंच आपण समजत आलो ना? सुभेदारांनी भिंग मागवलं, त्याच्या बाहीवरचं तीन पट्ट्यांचं निशाण बघितलं, त्याच्या मधला किल्ला बघितला आणि म्हणाले, की हा इंग्रज नव्हे, हा आमच्या ‘फ्रिउली’चा माणूस आहे. (तो किल्ला तिकोना नाही. तू लहानपणी मला फसवलंस.)

मग त्यांनी सगळं सांगितलं. फ्रिउली आधी मोठी डिव्हिजन होती. इटली जर्मनांच्या बाजूनं लढत होती, त्रेचाळीस साली तिनं बाजू बदलली आणि ही डिव्हिजन कॉर्सिका बेटावर जर्मनांशीच लढली. पुढे तिची माणसं कमी केली, इंग्रजी कपडे, इंग्रजी बंदुका दिल्या आणि नव्यानं उभी करून पंचेचाळीसच्या सुरुवातीला सेनियो नदीवर पाठवली. आपल्या हिंदी पलटणी तिथंच शेजारी होत्या. लढाई संपल्यावर ती पुन्हा डिव्हिजन झाली. सुभेदार भरती झाले त्या साठ साली तिची ब्रिगेड केली. पंच्याहत्तर साली तर रेजिमेंटीच मोडल्या आणि सुट्या बटालियनी ठेवल्या. त्यांतल्या एकीला नाव दिलं सेनियो. सुभेदार म्हणाले, की पंधरा वर्षं टोपीवर वागवलेला रेजिमेंटचा आकडा एका सकाळी काढून ठेवायला सांगितला, आणि तेव्हापासून कुणी विचारलं तर आपण कुठले, हे त्यांना पटकन सांगता येत नाही.

त्या मोडलेल्या रेजिमेंटच्या कचेरीची खोकी त्यांनीच ट्रकमध्ये भरली होती. त्यांत सेनियोवरच्या रोजनिशा होत्या. त्या कुठं ठेवल्यात हे त्यांना ठाऊक आहे. मी त्यांत पणजोबांचं नाव शोधू का, आजी? तू व्हय म्हटलंस तरच.

माझ्यावरची माया तशीच असू दे.

तुझी,
रूपा


तिकोना पेठ, ४ मे २०२५

चि. रूपास, आशीर्वाद.

शोधू नको आसं लिवायला बसले व्हते. दोन कागद फाडले.

तार आली तवा मी तीन म्हैन्यांची. तारंत मेला आसं न्हवतं, बेपत्ता आसं व्हतं. गावानं मंग ठरवूनच टाकलं, की जानू पळाला आन तिकडं गोरी बायकू केली. माजी आय चिमाबाई कुकू लावायची ते बी लोकांस्नी खुपायचं. तिला पत्रात सौ. लिवावं का गं. भा., ते पावन्यांना कळंना. मंग नुस्तंच ‘चिमाबाईस’ लिवायचे. साळंत पोरी मला पळपुट्याची म्हनायच्या.

आय मरस्तवर म्हनत ऱ्हायली, की त्यो पळनारा न्हवं. मी मान हालवायची. पन तुला म्हनून सांगते, कुनाला बोलले न्हाई, माजा इस्वास न्हवता. मला वाटायचं, पळालाच आसावा. पळाला आसंल तर जित्ता आसंल, आन जित्ता आसंल तर कवातरी दारात हुबा ऱ्हाईल. पळपुट्या का आसंना, बाप पायजे व्हता.

आता ऐंशीची झाले. जे आसंल ते लिव. वंगाळ आसलं तरी झाकू नको.

तुज्यावर जीव हायेच,
आजी


बोलोन्या, २० जुलै २०२५

ती. आजीस, रूपाचा वाकून नमस्कार, वि. वि.

बसून वाच. जवळ पाणी ठेव.

पणजोबा पळाले नव्हते.

शहराबाहेर एका जुन्या बराकीत लहानसं संग्रहालय आहे. सुभेदारांना चाकाच्या खुर्चीतून तीन रविवार नेलं. पहिले दोन फुकट गेले, कारण मी ‘ज’साठी इंग्रजी J शोधत होते आणि यांच्याकडे ते अक्षर वापरतच नाहीत. तिसऱ्या रविवारी सुभेदारांनी मला नाव मोठ्यानं म्हणायला सांगितलं आणि ऐकू आलं तसं त्यांच्या पद्धतीनं कागदावर लिहिलं. Gianu, आपण अक्षरं लावली तर ‘जियानू’. त्या नावानं शोधलं, तर एका लेफ्टनंटच्या वहीत सापडलं. दोन जागी.

अठरा मार्च १९४५ला तो लिहितो, की हिंदी पलटणीतला खेचरवाला जियानू याला घरचं पत्र आलं, मुलगी झाली. त्यानं आमच्या सगळ्या तुकडीला फार गोड चहा पाजला आणि ती केवढी असेल ते दिवसभर हातांनी दाखवत राहिला.

दुसरी नोंद दहा एप्रिलची. नदी ओलांडायचा दिवस. जियानूनं फळ्यांच्या पुलावरून आमचे दोन जखमी पाठीवर आणले. तिसऱ्यासाठी परत गेला, तेव्हा पुलावर गोळा पडला. तो आणि तो तिसरा, दोघंही सापडले नाहीत. त्याच्या पलटणीला कळवायला माणूस धाडला, पण ती तोवर पुढे निघून गेली होती.

मी वाचायची थांबले तेव्हा सुभेदार टेबलाला धरून खुर्चीतून उभे राहिले होते. बसा म्हटलं तरी बसेनात.

नक्कल सोबत आहे, खाली मराठीत लिहिलंय. तुझ्याजवळ आत्ता कोणी नाही, हे मला फार लागतंय.

तुझी,
रूपा


तिकोना पेठ, २३ सप्टेंबर २०२५

चि. रूपास, आजीचे लय आशीर्वाद.

पत्र यिऊन म्हैना झाला. लगेच लिवता आलं न्हाई. त्याला माजं म्हाईत व्हतं, ह्येच मी उलटून-पालटून वाचत बसले.

मंग कागद घिऊन गावात निगाले. म्हटलं, सांगून येऊ. तर सांगू कुनाला? जी बोलली ती समदी गेली. त्यांची नातवंडं तंबूवाल्यांच्या नादात. त्यास्नी जानू कोन ते बी ठावं न्हाई. एका पोरीनं कागदाचा मोबाइलात फोटू काढला, भारी हाय म्हनली, आन गेली. मी रस्त्यात हुबी. आसं एकलं मला आय गेली तवा बी वाटलं न्हवतं.

येकच ऱ्हायलीया, निर्मला. माज्या वर्गातली. पळपुट्याची म्हनून पैल्यांदा तीच वरडलेली. तिची सून म्हनली, तिला आता काय ध्यानात ऱ्हात न्हाई. तरी म्हटलं, आयतवारी सर्वपित्रीला जेवाया धाड.

आजवर त्याच्या नावानं पान वाढलं न्हवतं. आय वाढू द्यायची न्हाई. औंदा वाढलं. खीर, वडं, भोपळ्याची भाजी. निर्मला बसली, जेवली, आन इचारलं, की कुनाचं पान हाय? मी समदं सांगितलं. नदी, पूल, दोन मानसं पाठीवं, तिसऱ्याला परत गेला. तिचं डोळं भरलं. म्हनली, लय मोटा मानूस व्हता गं.

जरा येळानं तिनं परत इचारलं, की कुनाचं पान हाय? मी परत सांगितलं. परत तिचं डोळं भरलं.

सांजच्याला सून तिला न्यायला आली, तवर तिनं सात डाव इचारलं आन मी सात डाव सांगितलं. उद्या परत बोलावलंय.

सुभेदारास्नी माजा रामराम सांग. तुज्याशिवाय मला हाय कोन, म्हनून लिवत जा.

तुजी आजी,
रतनबाई जानू