सलीलनं पाठीवर घेतलेला पंप

घाटंजी, सप्टेंबर २०१७

लीले, प्रभू तुले सुखात ठेवो.

नातवाच्या, सलीलच्या खोलीवर मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आपला सलील प्रभूचा खरा शिष्य निघाला. शेजारचा वामन कपाशीवर औषध फवारता फवारता विष भिनून पडला. दवाखान्यात आहे, डोळ्यानं दिसत नाही. इकडं अळी त्याचं वावर खाऊन राह्यली. तं सलीलनं त्याचाच पंप पाठीवर घेतला, तोंडाले नुसता रुमाल. म्हटलं, "काहून रे?" म्हणे, "आजी, रविवारी चर्चमधी नुसती गाणीच म्हणाची काय?" मले लई आनंद झाला.

काल डोळे लाल घेऊन आला. म्हणे, धूळ गेली. पावसात कुठली धूळ? सूनबाईले, त्याच्या मायले, सांगू नको.

त्याच्या बाप्तिस्म्याले मीच मागितलं होतं, प्रभू, हा पुरा तुझा होऊ दे. आता म्हणते, थोडा आमच्यासाठी ठेव. हे पाप असल तं पाळकबाबांले विचारून कळव.

तुझी मोठी बहीण,
सुहासिनी