चोवीस चौकटींचं यंत्र आणि आमच्या आठ

औसा,
१६ फेब्रुवारी

तीर्थरूप दाजी किशनराव यांच्या चरणी बजरंगचा साष्टांग नमस्कार. आक्काचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे सिंधु बरी आहे, मधमाश्याही बऱ्या आहेत. घरात बिघडलेला असा मीच एकटा.

दिवाळीत तुम्ही दोन मधपेट्या दिल्यात ("शाळेतली नोकरी संपल्यावर बायकोचं डोकं खाण्यापरीस माश्या पाळ," हे आक्काचे आशीर्वाद) आणि फोनवर बजावलंत की मध काढायला, पोळ्याच्या दोन चौकटी आत बसवून गरगर फिरवायचं हातयंत्र पुरे, फक्त आपल्या सातेरी माशीच्या लहान चौकटीचं माप बघून घे. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि शेजारच्या गुरुबसप्पांना विचारायला गेलो. गुरुबसप्पांचा मधमाशीशी संबंध एकदाच आला, तोही कानाच्या पाळीपुरता. पण सल्ला द्यायला माहिती लागते असं आपल्याकडं कुणी मानलेलं नाही. "सर, गणवेश न् भांडं वाढत्या मापाचं घ्यावं," ते म्हणाले. "उद्या पेट्या वीस झाल्या तर काय वाटीनं काढनार का?" मला ते पटलं. (मला कुणाचंही पटतं, फक्त ज्याला कळतं त्याचं सोडून.) लातूरहून चोवीस चौकटींचं यंत्र टेम्पोतून आलं. स्टीलचा पिंप, आत पिंजरा, वर फिरवायचा दांडा. दारातून आत जाईना म्हणून ओसरीतच राहिलं. समोरच्या केवळाबाई तर येऊन विचारून गेल्या, लग्न कुणाचं काढलं म्हणून. एवढं मोठं कुणी सुचवलं, असं सिंधुनंही विचारलं. घाईत जे तोंडाला आलं ते मी सांगितलं.

आता करडई फुलली, दोन्ही पेट्यांतल्या मिळून आठही चौकटी काठोकाठ भरल्या, माश्यांनी वरून मेणाची झाकणं घातली. आठवड्यात मध काढला नाही तर त्यांना जागा उरणार नाही आणि त्या दुसरं घर बघतील. म्हणून परवा एक चौकट पिंजऱ्यात ठेवली. ती सरळ तळाला गेली. यंत्र परदेशी माशीच्या मोठ्या चौकटीचं निघालं. सुतळीनं बांधून दांडा फिरवला, तर एका बाजूच्या वजनानं सगळा पिंपच चालायला लागला, उंबऱ्यापासून निघून चपला तुडवत तुळशीपर्यंत गेला. गुरुबसप्पा त्यावर बसले तेव्हा थांबला. पोळ्याचा चुरा झाला, तळाशी वाटीभर मध, त्यात मेण, सुतळी आणि गुरुबसप्पांची टोपी. "पिळून काढा की सर," ते टोपी चाटत म्हणाले. कसं पिळू? पोळं पिळणं म्हणजे माशीचं घर मोडणं, यावर मी साऱ्या गल्लीला महिनाभर व्याख्यानं दिलीत. शिवाय येत्या रविवारी चाळीस माणसं मध चाखायला बोलावलीत. हे यंत्र बघून मीच बोलावली. शेवटच्या व्याख्यानाला गर्दी होणार असं दिसतंय.

काल यंत्र टेम्पोत घालून लातूरला दुकानदाराकडं परत नेलं. पण त्याआधीच सिंधुनं नाव घालणाऱ्याला बोलावून, घरात आलेल्या प्रत्येक वाटी-चमच्यावर घालते तसं यंत्रावर नाव घालून घेतलं होतं, विताएवढ्या अक्षरांत. दुकानदारानं बोट फिरवून ते वाचलं आणि म्हणाला, "सर, हे तर आता घरचं झालं." पिंप परत ओसरीत. त्यावर सध्या आमचे टॉवेल वाळतात.

आक्काला नमस्कार सांगा. पत्र तिला वाचायला देऊ नका.

तुमचा,
बजरंग

ता. क. : तुमचं दोन चौकटींचं हातयंत्र शनिवारच्या बसनं कंडक्टरच्या हाती द्यावं. मी औशाच्या स्टँडवर उभा असेन.

ता. क. २ : त्यापेक्षा रविवारी तुम्हीच घेऊन आलात तर बरं. मात्र ओसरीतलं यंत्र बघून चेहरा बदलू देऊ नका. एवढं मोठं कुणी सुचवलं, याला मी दिलेलं उत्तर 'दाजींनी' असं होतं. सिंधुला तुमचा आदर फार. यंत्रावर घातलेलं नाव असं आहे : 'श्री. किशनराव, नांदेड, यांच्या पसंतीने.' चाळीस माणसं वाचणार आहेत. तुम्ही फक्त मान हलवा.