बैठकीतला स्पीकर

रविवार, दि. २२ सप्टेंबर

चि. जावईबापू यांस,

आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. या हवेत तुमच्या आईंचे गुडघे दुखतात असं ऐकलं होतं. त्यांना जपायला सांगा.

काल सकाळी मी तुमच्या दारात उभा होतो. तुम्ही मला विचारलंत, "हा स्पीकर मध्येच बंद कसा पडला हो?" तुमच्या मागे भिंतीला टेकून आमची लेक, आमची सुतळी, उभी होती आणि तिनं एका कानावर हात धरला होता. मी काही न बोलता तिला घेऊन जिना उतरलो. विचारलेल्याचं उत्तर द्यावं असं आमच्या गावच्या शाळेत शिकवलं होतं. शाळा दोन खोल्यांची, पण गुरुजी पत्रलेखन फार मनापासून शिकवत. आधी खुशाली, मग कारण, मग मजकूर. खुशाली झाली, कारण सांगितलं. आता मजकूर.

मी गाण्यातला दर्दी नाही. सकाळी उठलो की भजनाची एक कॅसेट लावतो, वर्षानुवर्षं तीच. एक बाजू संपेपर्यंत माझी दाढी-आंघोळ उरकते. मध्ये एका ठिकाणी टेप चुरगळलेली आहे. तिथे गाणाऱ्याचा आवाज पाण्यात बुडून वर आल्यासारखा येतो, आणि कुठे दुसरीकडे तेच भजन नीट ऐकू आलं तर मला चुकल्यासारखं वाटतं. तुमच्या सासूबाईंच्या जुन्या सिनेमांच्या सीड्या आहेत, त्या स्वयंपाकघरात वाजतात. आणि दुकानात फोन. फ्रेमच्या दुकानात दिवसभर ठोकाठोक, सोबतीला काहीतरी लागतंच. फोनवर गाणी कशी ऐकायची ते सुतळीनं शिकवलं. मला तिच्याच खात्यावर बसवलं आणि बजावलं, बाबा, हे एका वेळी एकाच जागी वाजतं, तेव्हा भांडायचं नाही.

आम्ही भांडायचोच. ती बसमध्ये बसली की माझं भजन तोडून स्वतःचं गाणं लावायची, मी तिचं तोडून परत भजन लावायचो. मग तिचा फोन, "बाबा, तुमचे देव कुठे पळून चाललेत? माझा स्टॉप येईपर्यंत त्यांना बसायला सांगा ना." लग्नानंतरही हे चालू राहिलं. तुम्ही नव्या घरात तो उंच स्पीकर आणलात, तोही तिच्याच खात्याला जोडलात आणि त्याला नाव दिलंत, बैठकीतला स्पीकर. आम्ही घर बघायला आलो होतो तेव्हा माझ्या कॅसेटचा विषय निघाला आणि तुम्ही हसलात. म्हणालात, सासरेबुवा, ती अडगळ काढा आता, सगळं एका बोटावर आलंय.

ते बरोबर होतं. फक्त ते कुणाच्या बोटावर आलंय, याचा तुम्ही विचार केला नाहीत.

मे महिन्यात एका सकाळी मी काच कापत होतो. काचेवर हिरकणी फिरवताना मध्ये थांबायचं नसतं, एका दमात रेघ ओढायची असते. रेघ अर्ध्यावर असताना भजन तुटलं, हात किंचित अडखळला आणि काच वाकडी गेली. मी मनात म्हटलं, आली वाटतं आमची बया. फोन बघितला. बैठकीतला स्पीकर, आणि खाली एका गाण्याचं नाव. ते ढोलांचं, आरडाओरडा असलेलं गाणं, तुम्हाला माहीतच आहे कोणतं. मला नवल वाटलं, कारण सुतळीला असला गोंगाट सोसत नाही. शेजारी कुणी भिंतीला ड्रिल लावलं तर ती गच्चीवर जाऊन बसायची. मी नेहमीच्या सवयीनं ते तोडून माझं भजन लावलं. लगेच परत ढोल. मी हसून नाद सोडला.

संध्याकाळी तिला विचारलं तर म्हणाली, आम्ही सकाळी व्यायाम करतो बाबा. मी हे घरी सांगितलं तर हिला हसू आवरेना. म्हणाली, तुमची पोरगी आणि व्यायाम? दुसऱ्या मजल्यावर जायचं तरी लिफ्ट शोधते ती. आम्ही दोघं हसलो. हे लिहिताना ते हसू मला आवडत नाही, पण झालं ते झालं तसंच लिहितो.

मग ते गाणं वरचेवर येऊ लागलं. रोज नाही. तुम्ही उशिरा कामावर जायचात त्या सकाळी, किंवा सुट्टीच्या दिवशी. कधी एकदाच वाजायचं, कधी संपलं की परत पहिल्यापासून. आणि ज्या दिवशी ते वाजायचं त्या दिवशी सुतळीचा फोन यायचा नाही. मी केला तर म्हणायची, कामात आहे, नंतर बोलते. आवाज असा, की खोलीत आणखी कुणीतरी बसून ऐकतंय.

या फोनवरच्या गाण्यांचं एक आहे. कॅसेट कुणाला काही सांगत नाही. तुमच्या खोलीत वाजते आणि तुमच्याच खोलीत संपते. हे यंत्र मात्र सगळं लक्षात ठेवतं. जुलैपासून ते मला रोज सकाळी आपणहून तेच गाणं सुचवायला लागलं. 'तुमच्या आवडीचं' असं वर लिहायचं आणि खाली ते ढोल. भजनांच्या पंगतीत सगळ्यात वर ते येऊन बसलं. आमच्या घरात सर्वात जास्त ऐकलं जाणारं गाणं ते आहे, असं यंत्राचं मत झालं होतं. मी फोन उघडायचो आणि ते नाव दिसलं की पालथा ठेवायचो. का, ते मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हतो.

ऑगस्टमध्ये हिच्या वाढदिवसाला तुम्ही दोघं आलात. तुम्ही खुर्चीत बसून चहा घेत होतात, हिची थट्टा करत होतात. तुमचं बोलणं गोड आहे, ते मी कधी नाकारलं नाही. तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्यात तेच गाणं मोठ्यानं लागलं होतं. सुतळीनं हातातला कप खाली ठेवला. उठली, भिंतीपाशी गेली आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिली. गाडी लांब गेली तरी हलली नाही. तिला स्वतःलाही कळलं नसावं आपण उठलो ते. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तिच्याकडेच बघत होतात, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून. आणि हसत होतात.

तुम्ही गेल्यावर हिनं सुतळीचा कप उचलला. मग म्हणाली, आपण जे समजतोय ते खरं नसू दे.

त्यानंतरच्या एका सकाळी मी जे केलं, ते तुम्हाला अजून ठाऊक नाही. गाणं सुरू झालेलं फोनवर दिसलं. त्याखाली आवाजाची पट्टी दिसते, कमीजास्त करायची. ती माझ्या डोळ्यांसमोर वर सरकत गेली, पार टोकापर्यंत. कुणीतरी तिकडे आवाज वाढवत होतं. माणूस सकाळच्या वेळी आवाज एवढा कशासाठी वाढवतो? काहीतरी ऐकू जाऊ नये म्हणूनच ना? मी दुकानात उभ्या उभ्या अंगठ्यानं ती पट्टी खाली ओढली. ती परत वर गेली. मी खाली ओढली. परत वर, आता झटक्यानं. तिकडे तुमचा अंगठा आणि इकडे माझा. मला वाटलं, देवानं माझ्या हातात निदान एवढं तरी दिलंय. मग एकदम गाणं संपलं आणि स्क्रीन शांत झाली.

दुपारी तिचा फोन आला. जिन्यातून बोलत असावी, आवाज घुमत होता.

"बाबा, आवाजाला हात लावू नका. तुमच्या पाया पडते."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

म्हणजे तुम्हाला वाटलं होतं, आवाज तीच कमी करतेय. आणि त्याचा राग कुणावर निघाला असेल ते मला कुणी सांगायला नको होतं. दुकानाचं शटर मी अर्धवट ओढून घेतलं आणि आत लाकडाच्या भुश्यात बसून राहिलो. आयुष्यात मी कुणावर हात उचलला नाही. पण त्या दिवशी माझ्या मुलीला लागलेल्या माराचं निमित्त मी होतो.

दुसऱ्या दिवशी ही तुमच्याकडे गेली होती, तुम्ही कामावर असताना. सुतळीनं दार थोडंच उघडलं. आत घेतलं नाही. सगळं छान आहे, आई, तू जा ना, असं म्हणत राहिली. ही म्हणाली, चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता. तर म्हणाली, ते म्हणालेत, मी गेले तर ते बाबांच्या दुकानात येतील. ही घरी आली आणि तिनं मला शब्दन् शब्द सांगितला.

मी काय केलं? मी प्रार्थना केली. लाज वाटते म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून लिहितो. चांगले दहाबारा दिवस मी सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसत होतो, की मार्ग दाखव. लोक काय म्हणतील हेही डोक्यात होतं, लग्नाला वर्ष झालेलं नाही हेही होतं. शुक्रवारी हिनं माझ्यासमोर येऊन कॅसेट बंद केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"देव आणखी कसा सांगणार तुम्हाला? रोज सकाळी फोनवर दाखवतोय की."

म्हणून काल आलो. तुमची सुट्टी होती, आणि तुम्ही घरी असतानाच तिला न्यायचं असं आम्ही ठरवलं होतं. चोरून नेली असती तर ती आयुष्यभर चोरासारखी राहिली असती. जिना चढत होतो, दुसऱ्या मजल्यावर होतो, तेव्हा ढोल सुरू झाले. मला फोन बघायची गरज नव्हती, पायऱ्या हलत होत्या. हिनं माझा हात घट्ट धरला. आम्ही धावत उरलेला मजला चढलो आणि तुमच्या दारासमोर उभे राहिलो. पट्टी ओढली त्या दिवसापासून मी मनाशी पक्कं केलं होतं, की लांबून आवाजाला परत कधी हात लावणार नाही. लावायचा तर दारात उभं राहूनच.

मी फोन काढला आणि गाणं बंद केलं.

तेव्हा जे ऐकू आलं ते तुम्हाला सांगायला नको. तुमचं वाक्य अर्ध्यावर होतं. ते तुम्ही तसंच त्याच आवाजात पुरं केलंत, कारण तोंडाला थांबायला वेळ लागतो. आमच्या मुलीला उद्देशून असलेलं ते वाक्य मी या कागदावर लिहिणार नाही. त्याच्या मागोमाग आलेला दुसरा आवाज मी ऐकला, हिनं ऐकला, आणि समोरचं दार उघडून आलेल्या बाईंनीही ऐकला. त्या शाळेत शिकवतात. हातात कणकेचं भांडं होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. म्हणाल्या, इतके महिने आम्हाला वाटायचं, नवीन जोडपं आहे, हौसेनं गाणी लावतात.

मी बेल दाबली. तुम्ही दार उघडलंत, केसांवरून हात फिरवून, हसत. "न कळवताच आलात सासरेबुवा?" म्हणालात. मग ती बाथरूममध्ये घसरली म्हणालात. मग स्पीकरचं विचारलंत. खरोखर कोड्यात पडला होतात तुम्ही, त्यात नाटक नव्हतं. बायको कानावर हात धरून उभी होती आणि तुम्हाला काळजी होती ती यंत्र बिघडल्याची.

तर ते बिघडलं नव्हतं. ते मी बंद केलं.

जिन्यात मागून तुम्ही म्हणालात, दोन दिवस ठेवा माहेरी, डोकं शांत झालं की परत पाठवा, मी मनात काही ठेवणार नाही. याचंही उत्तर द्यायचं राहिलं होतं. काल डॉक्टरांनी तपासलं. त्या कानानं तिला सध्या कमी ऐकू येतंय, पुढचं पुढे कळेल असं म्हणाल्या. रात्री तिनं आईजवळ सगळं सांगितलं, पहिल्या महिन्यापासूनचं. मी दुसऱ्या खोलीत होतो. दार उघडं होतं. मी ते लावून घेतलं नाही, सगळं ऐकलं.

आज सकाळी आम्ही तिघं पोलीस चौकीत गेलो. समोरच्या बाई आपणहून आल्या. मी सुतळीला म्हटलं होतं, तुला जमत नसेल तर मी बोलतो. ती म्हणाली, नाही बाबा, तुम्ही नुसते बसा. मी बसलो. तिनं शांतपणे, न रडता, एकामागून एक सांगितलं. लिहून घेणाऱ्या बाईंनी मध्ये दोनदा पेन थांबवलं. तक्रारीखाली तिनं सही केली, तिच्या सहीखाली माझी. हे पत्र पोचेल त्याच्या आधी ते लोक तुमच्याकडे येऊन गेलेले असतील.

ती परत येणार नाही.

तिचा बाप