अधिकातली चूल

नांदेड,
अधिक ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६४

चिरंजीव हणमंत यास रेणुकादासाचे अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम. ऊन मी म्हणतंय. तुझी वहिनी बरी आहे. सिंधूचे पुढचे दोन दात पडलेत आणि बोलताना शिट्टी वाजते, त्यामुळे ती दिवसभर बोलतच असते. मुदखेडला गाड्यांची गर्दी वाढलीय असं ऐकतो, तुला स्टेशनातून जेवायला तरी वेळेवर सोडतात का? आपण वेगळे निघाल्यापासून दोन वर्षांत चार ओळींच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही. लिफाफा पाहून दचकला असशील. आईविषयी पुढे लिहितो.

आधी माझं नवं खूळ ऐक. शाळेला सुट्टी लागली तसे हैदराबादचे एक प्रोफेसर, लोक कसे राहतात याची पाहणी करायला, इथं आले. आम्हा चार मास्तरांच्या हातात छापील फॉर्म देऊन त्यांनी आम्हाला गल्लोगल्ली सोडलंय. दर दहावं घर गाठायचं, मध्ये ओळखीचा ओटा आला तरी टेकायचं नाही. मला वाटलं, हा काय वेडेपणा! पण त्यात मोठी अक्कल आहे बघ. घरं मी माझ्या मर्जीनं निवडली असती तर सगळी चहा पाजणारीच निघाली असती. दुसरा नियम असा की एक चूल म्हणजे एक कुटुंब. एका छपराखाली तीन चुली असल्या तर फॉर्मही तीन.

आणि लोक उत्तरं काय देतात! महेबूब विणकराला विचारलं, घरात माणसं किती? म्हणाला, सहा. दुसऱ्या दिवशी नुसता पाणी प्यायला म्हणून बसलो तर नऊ जण मोजले. कागद काढला की समोरचा माणूस सावध होतो रे. बरं, प्रत्येकाकडे असं बसून पाहावं तर दिवसाला एक घर होतं, आणि विचारत सुटलो तर वीस होतात. कोणतं खरं धरायचं यावर प्रोफेसरांशी मी रोज वाद घालतो. शाळेत मुलांवर डाफरतो तो मीच का, असं वाटावं इतकी मजा येऊन राहिली आहे.

मग एक कोडं पडलं. दोनशे फॉर्म झाल्यावर आम्ही ते मांडून बसलो. साठीच्या पुढचे म्हातारे निघाले तेहतीस आणि म्हाताऱ्या, विधवा धरूनही, फक्त अकरा. प्रोफेसर म्हणाले, इकडे बायका लवकर मरत असतील. मी म्हटलं, साहेब, सकाळी घाटावर येऊन बघा, विधवांच्या लाल आलवणांनी पायऱ्या भरलेल्या असतात. एकटा फॉर्म मुका असतो, पण दोनशे शेजारी ठेवले की काहीतरी लपलंय एवढं नक्की कळतं. काय लपलंय, ते मात्र कळत नाही.

मला चैन पडेना. वीरण्णा तेल्याच्या फॉर्मात आई नव्हती. त्याला गाठलं, तर म्हणाला, "ती थोरल्याकडं हाय की." थोरल्याचं घर दहाव्यात बसत नव्हतं, तरी गेलो. तो म्हणाला, "धाकट्याकडं असती ती, मास्तर." म्हातारी दोघांच्या मधल्या घरी, शेजारणीच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती! त्या दिवशी मी प्रश्नच बदलला. घरात किती माणसं हे विचारायचं सोडलं. आज सकाळी या चुलीवरचं कोणी कोणी खाल्लं, असं विचारू लागलो, आणि म्हाताऱ्या एकेक करून बाहेर येऊ लागल्या. प्रोफेसरांनी पाठ थोपटली. दोन दिवस मी फुगून हिंडत होतो. हणमंता, तेव्हाही मला आपली आई आठवली नाही. शपथेवर सांगतो, नाही आठवली.

परवा दहावं घर जन्नतबीचं निघालं. चुडीवाली जन्नतबी, आईच्या हातात बांगड्या होत्या तेव्हापासूनची तिची मैत्रीण. मी माझा नवा प्रश्न टाकला. ती म्हणाली, "कौनसे चुल्ले का पूछते, मास्तर? दो हैं."

"दुसरी कुणाची?"

"जाके देखो. आँखां हैं ना?"

अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल होती, आणि आई भाकरी थापत होती.

आता लिहितो. आईला ठेवून घ्यायला वैशाख तुझा आणि ज्येष्ठ माझा, हे मामांसमोर ठरलेलं. अमावास्येला तू तिला गाडीत बसवलंस, ते बरोबरच होतं. ती गाठोडं घेऊन माझ्या दारात आली आणि मी म्हणालो, तुझी वहिनी नव्हे, मीच म्हणालो, "आई, हा अधिक आहे. अधिकात लग्नमुंज धरत नाहीत, तशी पाळीही धरायची नाही. माझा ज्येष्ठ निज, पुढच्या महिन्यात." हसत म्हणालो, पण स्टेशनला जायला टांगा बोलावलाच. याच महिन्यात जावयाला आपण अनारशांचं वाण देतो, आणि आईला मी टांगा दिला. ती पाणी प्याली आणि गेली. मला वाटलं, मुदखेडला पोचली. तुला वाटलं, माझ्याकडे आहे. तीन आठवडे झाले. दोघांपैकी एकानं तरी कार्ड टाकायचं होतं!

मी फॉर्म घेऊन तसाच उभा. तिनं वर पाहिलं.

"विचार की. गावभर विचारत फिरून राहिलास म्हणं."

"आई, घरी चल."

"आधी कागद भर."

मी खाली बसलो. फॉर्म गुडघ्यावर ठेवला.

"मुलं किती?"

"दोन. दोघंबी जिवंत हायेत. शिकलेले हायेत."

"या चुलीवर जेवणारे?"

"एक."

"कुटुंबप्रमुख?"

"मीच. लिही ना, थांबलास काऊन?"

लिहिलं. मग पाय धरले. मला रडू आवरलं नाही, तर म्हणाली, "बाजूला हो, भाकरी करपंल." पाणी ती स्वतः नदीवरून आणते, पीठ जन्नतबीच्या जात्यावर दळते. बरी दिसते रे, आपल्याकडे असते त्याहून बरी दिसते, हेच मला सोसत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मी काय पाळीचं पाणी हाय, आज याच्या वाफ्यात अन् उद्या त्याच्या? दोघं मिळून या. कुठं राहायचं ते मी सांगन. महिना कुणी काढायचा न्हाई."

सोमवारी प्रोफेसर फॉर्म घेऊन हैदराबादला जाणार. तिचा अजून माझ्या दप्तरात आहे. फाडावा असं दहादा वाटलं, पण साऱ्या गठ्ठ्यात तेवढाच एक असा आहे की ज्यात कुणी काही लपवलेलं नाही. तो मी देणार आहे. माझ्या स्वतःच्या घराचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरला होता. 'माणसं: तीन' असं मीच बिनदिक्कत लिहिलंय.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये. रागावलेला असशील तर रागावलेलाच ये, मी स्टेशनवर उभा असेन. टांगा करणार नाही, जन्नतबीच्या अंगणापर्यंत आपण दोघं चालत जाऊ.

आईच्या फॉर्मात लिहिलेल्या दोघांपैकी एक,
तुझा दादा
रेणुकादास